पिकअपला कोणतं चाक आणि कोणता टायर? माप ठरवण्याची पद्धत

टायरच्या दुकानात गेल्यावर नव्या मालकाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा असा असतो: "याच्यापेक्षा मोठा बसेल का?" बसेलही, पण हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. पिकअपच्या बाबतीत क्रम असा ठेवा: आधी वजन, मग व्यास, मग रिमची रुंदी आणि ऑफसेट, मग नक्षी. दिसण्याचा विचार त्यानंतर. क्रम उलटला की चाकण-मार्केट यार्ड खेपा करणाऱ्या गाडीचा टायर भर उन्हात फुटतो, किंवा हौसेने घेतलेल्या फोर बाय फोरचा टायर प्रत्येक वळणावर मडगार्डला घासतो.

इथे दोन्ही प्रकारच्या गाड्या धरल्या आहेत: पिवळ्या पाटीची, माल वाहणारी छोटी पिकअप, आणि पांढऱ्या पाटीची डबल कॅब, जी आठवडाभर शहरात असते आणि सुट्टीला ताम्हिणी किंवा वरंधा घाटाकडे जाते. हिशोब एकच, फक्त कशाला किती महत्त्व द्यायचं ते बदलतं.

पहिली पायरी: गाडीवर काय लिहिलंय ते वाचा

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. खांबावर किंवा दरवाज्याच्या कडेला एक स्टिकर असतो. त्यावर कंपनीने मंजूर केलेली टायरची मापं आणि हवेचा दाब असतो, बऱ्याचदा रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळा. स्टिकर निघालेला असेल तर मालकासाठीच्या पुस्तिकेत हीच माहिती मिळते. वापरलेली गाडी घेतली असेल तर सध्या चढवलेल्या टायरवरून मूळ माप ठरवू नका. आधीच्या मालकाने काय बसवलं असेल ते सांगता येत नाही.

आता टायरवरचे आकडे. २१५/७५ आर १५ म्हणजे टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १५ इंचांची रिम. यावरून बाहेरचा व्यास असा निघतो:

२१५ × ०.७५ = १६१.२५ मिमी (एका बाजूची उंची)
१६१.२५ × २ = ३२२.५ मिमी
१५ × २५.४ = ३८१ मिमी (रिम)
एकूण व्यास = ७०३.५ मिमी

हे गणित एकदा हाताने करून बघा. पुढचे सगळे निर्णय या एका आकड्याभोवती फिरतात. ७.०० आर १५ किंवा १४५ आर १२ अशा जुन्या पद्धतीच्या मापांत टक्केवारी लिहिलेली नसते. त्यांचा व्यास टायर कंपनीच्या तक्त्यातूनच घ्या, अंदाजाने धरू नका.

दुसरी पायरी: वजन

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि सगळ्यात महागही इथल्याच पडतात.

मापाच्या पुढे १००एस, १०६/१०३क्यू असं काहीतरी लिहिलेलं असतं. आकडा म्हणजे लोड इंडेक्स, अक्षर म्हणजे वेगाची मर्यादा. दोन आकडे असतील तर पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा मागे जोडचाकं असलेल्या गाडीसाठी. पिकअपला कामाचे पडतील असे इंडेक्स:

९८ म्हणजे ७५० किलो
१०० म्हणजे ८०० किलो
१०२ म्हणजे ८५० किलो
१०४ म्हणजे ९०० किलो
१०६ म्हणजे ९५० किलो
१०८ म्हणजे १००० किलो
११० म्हणजे १०६० किलो
११२ म्हणजे ११२० किलो
११५ म्हणजे १२१५ किलो

हे वजन एका टायरचं, आणि तेही ठरलेला दाब भरलेला असेल तरच.

तुमच्या गाडीला किती लागतं ते असं काढा. नेहमीचा माल भरा, वजनकाट्यावर जा आणि फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन वजन करा. समजा १,७०० किलो आलं. प्रत्येक चाकावर ८५० किलो, म्हणजे इंडेक्स १०२ अगदी काठावर. पण हौद्यात माल कधीच समान बसत नाही. गोणी एका बाजूला सरकतात, ब्रेक मारला की वजन पुढे ढकललं जातं, वळणावर बाहेरच्या चाकावर येतं. म्हणून दहा टक्के वर धरा: ९३५ किलो. आता लागणारा इंडेक्स झाला १०६. नंतर हा आकडा आरसी आणि पुस्तिकेतल्या कमाल वजनाशी ताडून बघा, आणि दोन्हींत जो मोठा असेल त्याप्रमाणे टायर घ्या. कमाल वजनाच्या वर माल भरायचा असेल, तर त्यावर टायर बदलणं हा उपाय नाही. एक्सल, पाटे, ब्रेक हे सगळं त्याच मर्यादेसाठी बनवलेलं असतं.

याच टप्प्यावर एक सापळा आहे. २१५/७५ आर १५ हेच माप प्रवासी गाडीच्या टायरमध्ये १०० इंडेक्सचं मिळतं आणि हलक्या मालवाहू गाडीच्या, म्हणजे एलटी टायरमध्ये ८ पीआरचं (पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, टायरच्या मजबुतीचा आकडा) १०६ इंडेक्सचं. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर नव्या माणसाला फरक दिसत नाही, आणि पहिला स्वस्त असतो. वरच्या उदाहरणातल्या गाडीला पहिला लावला तर मागच्या दोन चाकांची मिळून क्षमता १,६०० किलो. म्हणजे गाडी जागेवर उभी असतानाच १०० किलो जास्त. असा टायर लगेच फुटत नाही. साइडवॉल सतत दबते, तापते, आतले थर सुटू लागतात, आणि काही महिन्यांनी एप्रिल-मेच्या दुपारी सोलापूर रोडवर अख्खा पट्टाच निघून येतो. दोष मात्र टायर कंपनीला दिला जातो.

म्हणून पावती करण्याआधी टायरवर तीन गोष्टी स्वतः वाचा: एलटी किंवा पीआरचा आकडा, लोड इंडेक्स आणि आयएसआय चिन्ह. हे चिन्ह भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर सक्तीचं आहे. उत्पादनाचा आठवडाही बघा: लंबगोलातला चार अंकी आकडा २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यातला.

खासगी डबल कॅबला वजनाचा प्रश्न कमी येतो, पण येतच नाही असं नाही. हौद्यावर कॅनोपी, मागे बाइक, छतावर तंबू आणि आत पाच माणसं झाली की मागचा एक्सल चांगलाच भरतो. कंपनीने दिलेल्या इंडेक्सच्या खाली कधीही जाऊ नका.

तिसरी पायरी: व्यास

मूळ व्यासापासून शक्यतो ३ टक्क्यांच्या आत राहा. का, ते एका उदाहरणात बघू. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ लावला. व्यास ७०३.५ वरून ७३३.५ मिमी झाला, म्हणजे ४.३ टक्के वाढ. यातून काय काय बदललं?

गाडीची उंची वाढली फक्त १५ मिमी, कारण व्यासातली निम्मीच वाढ एक्सलच्या खाली येते. गिअर तेवढ्याच प्रमाणात लांब झाले. भरलेली गाडी जुन्या कात्रज घाटात आधी ज्या गिअरवर चढायची त्याच्या एक खाली घ्यावी लागेल, आणि क्लच लवकर जाईल. ब्रेकची डिस्क आणि ड्रम होते तेवढेच राहिले, पण चाकाची त्रिज्या वाढली, त्यामुळे रस्त्यावर मिळणारी ब्रेकची ताकद ४ टक्क्यांनी घटली. नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार ज्यांना माहीत आहे, त्यांना या ४ टक्क्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

स्पीडोमीटरही कमी दाखवू लागतो. काटा ८० वर असताना गाडी मूळ टायरच्या हिशोबापेक्षा ४.३ टक्के जास्त पळत असते. नव्या गाडीचा काटा मुळात थोडा जास्तच वेग दाखवतो, त्यामुळे छोटा फरक त्यात जिरतो. मोठा जिरत नाही, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचे कॅमेरे खरा वेग मोजतात. ओडोमीटरही कमी किलोमीटर मोजतो, म्हणून टाकी ते टाकी काढलेलं मायलेज पडलेलं दिसतं. त्यातला काही भाग मोजणीचा असतो, काही भाग खरोखर जड टायरचा.

डबल कॅबवाल्यांसाठी दुसरं उदाहरण. मूळ टायर २६५/६० आर १८ असेल तर व्यास ७७५.२ मिमी.

२६५/६५ आर १७: ७७६.३ मिमी, फरक जवळपास नाही
२८५/६० आर १८: ७९९.२ मिमी, ३.१ टक्के जास्त
२६५/७० आर १७: ८०२.८ मिमी, ३.६ टक्के जास्त
२६५/५० आर २०: ७७३ मिमी, व्यास तोच पण साइडवॉल १५९ वरून १३२.५ मिमी

पुण्यात आणि आसपास चालणाऱ्या गाडीसाठी आमचं स्पष्ट मत पहिल्या पर्यायाकडे आहे. १८ वरून १७ ची रिम घेतली की त्याच व्यासात साइडवॉल १३ मिमीने वाढते. पावसाळ्यातल्या खड्ड्यांत रिम वाकणं आणि टायरला फुगा येणं, दोन्ही कमी होतं, आणि मुळशी-वेल्ह्याकडच्या दगडी वाटांवर हवा थोडी कमी करून चालवायला जागा मिळते. २० इंचांची रिम दिसायला छान असते, पण खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामध्ये रबर कमी उरतं. एवढं मात्र तपासा: लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला आतून लागता कामा नये. टायर चढवण्याआधी नुसती रिम हबवर (चाक ज्यावर आवळतात त्या भागावर) बसवून हाताने पूर्ण फिरवून बघा.

फोर बाय फोर असेल तर चारही टायरांचा परीघ एकच हवा, झीजसुद्धा साधारण सारखी. पुढे नवे आणि मागे निम्मे झिजलेले ठेवून कोरड्या डांबरावर फोर-एच, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा मोड, लावला तर पुढच्या-मागच्या एक्सलच्या वेगांत जो फरक पडतो तो ट्रान्सफर केसला (दोन्ही एक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सला) सोसावा लागतो.

चौथी पायरी: रिम

टायर ठरला की त्याला चालणाऱ्या रिमच्या रुंदीची मर्यादा कंपनीच्या तक्त्यात असते. २३५/७५ आर १५ ला ६ ते ८ इंच, २६५/६० आर १८ ला ७.५ ते ९.५ इंच. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो मधोमध झिजतो आणि वळणावर गाडी डुलते. उलट केलं तर टायरच्या कडा ताणल्या जातात आणि रिमची कड उघडी पडते.

मग पीसीडी. सहा नटांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर म्हणजेच पीसीडी. अनेक डबल कॅबना ते १३९.७ मिमी असतं. पाच नटांच्या चाकात समोरासमोर भोकंच नसतात, म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणा. ८२.१ मिमी आलं तर १३९.७ चा पीसीडी. एक-दोन मिलिमीटरचा फरक असूनही नट आवळले जातात, आणि धोका त्यातच आहे: स्टडवर (नट ज्यांवर आवळतात त्या बोल्टवर) सतत बाजूने ताण येतो आणि एक दिवस ते तुटतात. मधलं भोक हबवर नीट बसतंय का तेही बघा. भोक मोठं असेल तर योग्य मापाची हब रिंग लागते, नाहीतर बॅलन्सिंग करूनही ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं.

ऑफसेट, म्हणजे रिमवर लिहिलेला ईटीचा आकडा, हा रिमचा मध्य आणि हबला टेकणारी बाजू यांच्यातलं अंतर सांगतो. समजा मूळ रिम ७.५ इंच, ईटी ३० आहे आणि नवी ८.५ इंच, ईटी १०.

मूळ रिमची बाहेरची कड: ९५.२५ − ३० = ६५.२५ मिमी
नव्या रिमची बाहेरची कड: १०७.९५ − १० = ९७.९५ मिमी

चाक जवळजवळ ३३ मिमी बाहेर आलं. गाडी रुंद दिसते, खरं आहे. पण बेअरिंगवरचा ताण वाढतो, खड्ड्यातला झटका स्टिअरिंगमध्ये येतो, पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या मागच्या कोपऱ्याला लागतो, आणि उडणारा चिखल थेट दरवाज्यावर येतो. मूळ ऑफसेटपासून १० मिमीच्या आत राहणं चांगलं. स्पेसर (हब आणि रिममध्ये बसवायची चकती) लावून चाक बाहेर काढणं माल वाहणाऱ्या गाडीत तर करूच नका.

रिमलाही वजनाची मर्यादा असते, आणि नव्या मालकांपैकी फार कमी जण ती वाचतात. अलॉयच्या मागच्या बाजूला ती कोरलेली असते. कारसाठी बनवलेल्या बऱ्याच अलॉयवर ६९० किलोच्या आसपासचा आकडा दिसतो. वरच्या उदाहरणात आपल्याला चाकामागे ९३५ किलो हवे होते. म्हणजे १०६ इंडेक्सचा चांगला टायर घेऊन तो अशा रिमवर चढवला तर सगळी मेहनत वाया. रोज माल वाहायचा असेल तर लोखंडी डिस्क, म्हणजे लोखंडी रिमच बरी: ती वाकते, पण तडकत नाही, आणि वाकलेली लगेच दिसते. तडा गेलेली अलॉय वेल्डिंग करून पुन्हा वापरू नका.

नटांची बैठकही बघा. काही नट शंकूसारखे असतात, काही सपाट वॉशरचे. कंपनीच्या अलॉयचे सपाट वॉशरचे नट लोखंडी डिस्कवर लावले तर आवळल्यासारखे वाटतात आणि चालता चालता सैल होतात. रिमबरोबर त्याच बैठकीचे नट घ्या, स्टेपनीसाठीही वेगळे लागतात का ते विचारून ठेवा.

पाचवी पायरी: नक्षी

पूर्ण वेळ डांबर आणि काँक्रीट असेल तर हायवे नक्षी. बाकी विचार नको. आवाज कमी, मायलेज चांगलं, ओल्या रस्त्यावर पकड भरवशाची. शहर आणि कच्चा रस्ता दोन्ही असेल तर ऑल टेरेन. मोठ्या बटणांचा मड टायर फक्त ज्याला रोज चिखलातून जायचं आहे त्याने घ्यावा. ओल्या गुळगुळीत डांबरावर त्याचं रबर रस्त्याला कमी टेकतं आणि थांबायला जास्त अंतर लागतं.

चिखलातही फरक आहे. दौंड, इंदापूर, बारामतीकडच्या काळ्या मातीत पाऊस पडल्यावर ऑल टेरेनच्या खाचा दोन फेऱ्यांत भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. उसाच्या फडात जाणाऱ्या गाडीला रुंद टायरपेक्षा अरुंद, खोल आणि मोकळ्या खाचांचा टायर जास्त उपयोगी, कारण तो खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो आणि माती झटकून टाकतो. मावळ-मुळशीच्या मुरूम आणि दगडाच्या वाटांवर मात्र जाड साइडवॉलचा ऑल टेरेन पुरतो.

सहावी पायरी: बसवून तपासणं

पाचही चाकं एकदम चढवू नका. पुढचं एक चाक बसवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. मग त्या बाजूचं चाक रॅम्पवर चढवून सस्पेन्शन दाबलेलं असताना पुन्हा फिरवा. मडगार्डचं अस्तर, मडफ्लॅप, स्टॅबिलायझर बार आणि वरचा आर्म या चार ठिकाणी बोट आत जायला हवं. मागे टायर आणि पाट्यांमधली फट बघा, आणि ती माल भरूनही बघा. शेवटी स्टेपनी: मोठ्या व्यासाचं चाक हौद्याखालच्या जागेत बसतंय का, सायलेन्सरला लागत नाही ना.

नट टॉर्क पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर, समोरासमोर या क्रमाने आवळा. एअर गनने आवळून सोडू देऊ नका. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा. नव्या रिमचा रंग दबून नट थोडे सैल होतात. माप बदललं असेल तर व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी करा.

हवा थंड टायरमध्ये मोजायची. टायरवर लिहिलेला कमाल दाब म्हणजे रोज भरायचा दाब नव्हे. माप तेच असेल तर स्टिकरवरचा आकडा पाळा. प्रवासी टायर काढून एलटी लावला असेल तर त्याच वजनासाठी दाब जास्त लागतो. टायर कंपनीच्या वजन आणि दाबाच्या तक्त्यातून तो काढून घ्या आणि कागदावर लिहून काचेच्या कोपऱ्यात चिकटवा, म्हणजे ड्रायव्हर बदलला तरी चूक होणार नाही.

कागदपत्रं आणि पासिंग

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि कलम १८२ए नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला दिलेलं माप निवडणं त्यामुळे सर्वांत सोपं. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअरही टायरचं माप बघतो.

पिवळ्या पाटीच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेस करावं लागतं. चारचाकीच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिमी असणं नियमाने बंधनकारक आहे. खाचांच्या मधले छोटे उंचवटे रबराच्या पातळीला आले की ती मर्यादा संपली. पण पुण्याच्या पावसासाठी एवढं थांबू नका. जूनच्या आधी खाच ३ मिमीच्या खाली गेली असेल तर बदला, आणि नवी जोडी त्याच एक्सलवर एकत्र लावा. रबर चढवलेले टायर वापरायचेच असतील तर फक्त मागे. पुढच्या चाकांना कधीच नाही.